सरपंचाच्या पिसवा

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पाठीवर अडकवून दांडा हलवायचा, तसला. माझा निळा रंग उन्हानं पार विटलाय आणि एक पट्टा तुटला म्हणून तिथं सुतळी बांधली आहे. तळेगाव ढमढेऱ्याच्या हौसरावांनी मला शिरूरच्या दुकानातून आणलं, तेव्हा त्यांच्या कारभारणीनं, गिताबाईंनी, मला हळदकुंकू लावलं होतं. शेवंतीवरची मावा कीड मी कितीदा घालवली! फुलांना भाव चांगला आला की हौसराव मला थाप मारायचे. काम सरलं की मात्र मला धुवायचंही कुणाला सुचत नसे. मी आपला पडवीतल्या खुंटीला लटकून राहायचो.

खाली गोणपाटावर सरपंच झोपायचा. कुत्राच तो, पण रोज सकाळी घरोघर चक्कर मारून विचारपूस करायचा, म्हणून गिताबाईंनी हे नाव ठेवलं होतं. यंदा त्याला पिसवा झाल्या. आधी शेपटीच्या मुळाशी, मग पोटाखाली. खाजवून खाजवून केस गेले, कातडी लालभडक झाली, खपल्या धरल्या. स्वतःचीच शेपटी चावत तो गरगर फिरायचा आणि बघणारे हसायचे. मला हसू येत नव्हतं. तो कण्हायचा आणि मी वरून नुसता बघायचो.

आज सकाळी हौसराव शेवंती फवारून आले. माझ्या पोटात औषध उरलं होतं. शेजारचे साहेबराव कंपनीच्या गाडीची वाट बघत दारात उभे होते. हौसरावांनी माझी नळी सरपंचाकडे वळवली.

"अहो, ते पिकाचं औषध हाय," गिताबाई म्हणाल्या. "कुत्र्याला सोसंल व्हय?"

"फुलावरचा किडा मरतो, मग कुत्र्यावरचा न मरायला काय झालं?" हौसराव म्हणाले आणि दांडा हलवू लागले.

दांडा हलला की मला फवारावंच लागतं. सरपंच पळाला नाही. मालकाचाच हात होता ना तो! पिसवा टपाटपा गळून पडल्या.

"दादा, जालीम इलाज काढला राव तुम्ही!" साहेबराव म्हणाले. तेवढ्यात गाडी आली आणि ते सणसवाडीला कामावर गेले.

सरपंच अंग चाटत बसला. कुत्रं ओलं झालं की चाटणारच. मग त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, पाय थरथरले, तो आडवा पडला आणि त्याला झटके येऊ लागले. हौसरावांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दौंडच्या बाजूला एका गोठ्यावर होते. "साबणानं धुवा, मी निघालोच," ते म्हणाले. गिताबाई धूत राहिल्या. हौसराव त्याचं डोकं मांडीवर घेऊन "ऊठ की लेका, आरं ऊठ की" म्हणत राहिले.

डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. ते रागावले नाहीत. "कुत्र्यांच्या पिसवांचं औषध वेगळं असतं, वजन बघून देतात," एवढंच बोलले. मग त्यांनी ते गोणपाट उचलून झटकलं. त्यातून पिसवा उड्या मारत बाहेर आल्या. त्यांची अंडी, पिलावळ सगळी तिथंच होती आणि तिथं कुणी हातच लावला नव्हता.

आता दिवस कललाय. हौसराव आणि गिताबाई सरपंचाला पुरायला बांधावर गेलेत. साहेबराव कामावरून थेट इकडंच आले, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. आमच्या आळीत पंप कुणी मागून नेत नाही, लागला की खुंटीवरून काढतात आणि नेतात. त्यांच्या घरी कुत्री व्यायलीय आणि तिलाही पिसवा झाल्यात.

मित्रांनो, मी आता साहेबरावांच्या पाठीवर आहे. सकाळचं औषध पोटात डुचमळतंय. तुमच्या कुत्र्याला पिसवा झाल्या तर त्याला डॉक्टरांकडं न्या, त्याचं अंथरूण धुवा, उन्हात टाका. पण माझ्याकडं आणू नका हो! आणि तुमच्यातलं कुणी या वाटेवर असेल, तर साहेबरावांना एक हाक मारा. माझं ओरडणं त्यांना ऐकू येत नाही. त्यांचं अंगण आलंसुद्धा. ती कुत्री त्यांना बघून शेपूट हलवतेय आणि पिल्लं तिला लुचतायत.