केलेली कारवाई

मामाच्या टीमची मॅच भाचीने घ्यायची नाही, हे कागदावर ठीक. पण अख्ख्या फुटबॉल लीगमध्ये रेफरी मोजून तीन, त्यातला एक लग्नाला गेलेला आणि एकाचा गुडघा सुजलेला. हरकत कुणीच घेतली नाही. ही बाई सख्ख्या आईलाही कार्ड दाखवेल, असं सगळे हसत म्हणायचे. तिलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला!

तेविसाव्या मिनिटाला कोच, म्हणजे मामाच, लाइनमनवर खेकसला, "ए लंगड्या, घरी जाऊन बस!"

लाइनमन म्हणजे निवृत्त पोस्टमन, सगळ्यांचे काका. अपघातापासून एक पाय किंचित ओढत चालायचे, पण ऑफसाइड त्यांच्या नजरेतून कधी सुटायचा नाही. तिने स्वच्छ ऐकलं. सवयीने वहीत मिनिट आणि शब्द टिपले आणि मामाकडे नुसते डोळे वटारले, घरात वटारतात तसे. रेफरीची शिट्टी पहिल्यांदा तिच्या हातात दिली होती ती मामानेच. खिशातल्या कार्डाकडे हात जाईना. एकेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा तेच. मध्यंतरात काकांनी विचारलं, "ऐकलंस ना गं?"

"नाही काका, गोंगाट केवढा होता."

सत्तराव्या मिनिटाला मामाचा कॅप्टन तेच शब्द बोलला आणि वर त्याने काकांना ढकललं. काका कोपरावर आपटले. तिने लगेच लाल कार्ड काढलं.

"सरांना चालतं, मला नाही?" कॅप्टन तिच्या तोंडावर म्हणाला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅच संपल्यावर ती रेफरींच्या खोलीत रिपोर्ट लिहायला बसली, तोच मामा आत आला.

"कॅप्टनचं लिही. तरुण आहे, वर्षभराची बंदी सोसेल. माझं नाव घातलंस तर या वयात मला टीम कोण देणार?"

"मामा, तो तुझंच बोलला."

"खेळाच्या भरात जातं गं तोंडातून. आईला काय सांगशील?"

"आईचं मी बघते. तू बाहेर हो."

मामा दार आपटून गेला. रिपोर्टात शब्द जसेच्या तसे लिहायचे, शेजारी मिनिट, त्याच्या शेजारी 'केलेली कारवाई'. आणि खाली लाइनमनची सही लागते. मामाचं सोडून दिलं, तर काकांना तिचं खोटं कधीच कळणार नव्हतं. तिने वही उघडली. मग मामाचे शब्द उतरवून तिने शेजारी लिहिलं: तेविसावं मिनिट, काही नाही. एकेचाळिसावं मिनिट, काही नाही.

काका कोपराला पट्टी बांधून आले. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं, वरच्या ओळी दोनदा वाचल्या आणि सही केली.

"म्हणजे ऐकलं होतंस."

"हो."

"तो बोलला त्याचं काही नाही, तसली माणसं असतात. पण दुसऱ्या हाफला मी तुझ्या भरवशावर उभा राहिलो, पोरी."

त्यांनी बॅग उचलली.

"काका," ती म्हणाली. "गोंगाट नव्हता."