आळीपाळीचं वावर

भोंगवलीच्या माळाला लागून एक वावर आहे. ते दोन भावांचं आहे, म्हणजे कुणाचंच नाही. वाटणी केली तर तुकडे पडतील म्हणून वडलांनी सांगून ठेवलं होतं, की एक साल थोरल्यानं पिकवायचं, एक साल धाकट्या गेनबानं. पिकाचं सांगितलं, पण बांधाचं सांगायचं राहिलं. मग ज्याची पाळी तो म्हणायचा, "पुढल्या साली त्यो पिकवनार, म्या कशाला दगड उचलू?" ज्याची पाळी नसे, तो तिकडं फिरकायचाही नाही. अशा समसमान हुशारीत खालचा बांध फुटला आणि वावर उतारानं निघून जाऊ लागलं.

थोरला टेम्पोवर, त्यामुळं शेती त्याच्या बायकोकडं, कमळाबाईकडं. औंदा पाळी त्यांची. ज्वारी पेरताना फाळ खडकाला घासला आणि कमळाबाईनं मनाशी ठरवलं, बांध झालाच पाहिजे.

गावात योजनांची माहिती सगळ्यांना असते, मिळालेली कुणालाच नसते. पारावर एकजण म्हणाला, "लॉटरी लागती." दुसरा म्हणाला, "तुमी बसत न्हाई त्यात." कमळाबाईनं हिशेब मांडला: जो भोरच्या हापिसात कधी गेला नाही, तोच ठामपणानं बोलतो. तिनं सातबारा घेतला आणि सकाळची एसटी धरली.

कृषी सहायक संजीवनी मॅडमनी कागद नीट पाहिला. "बांधबंदिस्ती बसते, मावशी. उतारही आहे. पण नावं दोन आहेत. दिरांची संमती लागेल. अर्ज महिनाअखेरपर्यंत."

"दिराची संमती काढायची एकादी योजना हाय का?"

मॅडम हसल्या. "ती तुमच्याच घरात शोधावी लागेल."

गेनबा अंगणात दावं वळत बसला होता. कमळाबाईनं आडपडदा ठेवला नाही. "भावजी, बांधासाठी सही पायजे. उन्हाळ्यात बांध हुईल. पुढल्या साली तुमीच पिकवाल."

"मंजे बांध तुमी घालायचा, आन पीक आमी घ्यायचं?"

"व्हय."

"मग वैनी, तुमचा फायदा काय?"

"माती ऱ्हाईल की!"

गेनबा हसला. वहिनीचा फायदा दिसेना, म्हणून त्याला डाव दिसला. त्या दिवशी त्याचा चष्मा सापडेना. पुढच्या खेपेला अंगठा दुखत होता. तिसऱ्या खेपेला तो मागच्या दारानं निघाला, तर कमळाबाई मागच्याच दारी उभी. ती भांडली नाही. "सही नगा करू. नुस्तं माझ्यासंगं चला."

तिनं त्याला आपल्या वावरात थांबूच दिलं नाही. थेट खाली, चिमाजीच्या रानात नेलं. वर यांची ज्वारी गुडघ्याला, खाली चिमाजीची छातीला. चिमाजी बांधावर निवांत बसलेला.

"या, गेनबाराव! औंदा रान लई झ्याक हाय."

"खत टाकलं व्हय?"

"कशाचं खत? वरनं गाळ येतोय, द्येवाची किरपा." मग कमळाबाईकडं बघून चिमाजी काळजीनं म्हणाला, "बांध घालताय म्हनं? कशाला उगा तरास?"

तिथंच चिमाजी चुकला. दुसऱ्याच्या त्रासाची काळजी त्यानं जन्मात केली नव्हती, आणि हे गेनबापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक नव्हतं. गेनबानं वाकून मूठभर माती उचलली, बोटांत चुरली आणि आपल्या वावराकडं वर बघितलं. परतताना निम्म्या चढावर तो थांबला.

"वैनी, एसटी कितीला हाय?"

"आता चष्मा लागंल की."

"खिशातच हाय."

भोरच्या हापिसात त्यानं दाबून, ठळक सही केली. उन्हाळ्यात मंजुरी आली. संजीवनी मॅडम येऊन चुन्याच्या फक्कीनं रेघ आखून गेल्या आणि गडी कामाला आले. गेनबा रेघेवर पाय रोवून उभा राहिला.

"एक सांगतो, वैनी. काम माज्या डोळ्यांदेकत हुनार. न्हाईतर ह्ये गडी बारकं दगड लावून मोकळं व्हतील, आन गाळ पुन्ना त्या चिमाजीच्या घशात."

"नुस्तं डोळं काय कामाचं?" कमळाबाईनं हातातली पहार त्याच्यापुढं धरली. "त्यो मोठा दगड तेवडा हलवा."

गेनबानं पहार घेतली.