बेकरभोवतीची फेरी

अर्विड आणि लॉर्ना यांनी अकरा वर्षं खपून घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधलं. पत्र्याच्या एका बाजूने तो रिव्हेट ठोकायचा, मागून ती लोखंडी ठोकळा दाबून धरायची आणि दोघं अशी काही भांडायची की आम्हा शेजाऱ्यांना प्रश्न पडायचा, आधी विमान उडतंय की आधी संसार मोडतोय. पण विमान झालं. पिवळंधमक, दोन माणसांचं. आमच्या धावपट्टीवर त्याच्या तोडीचं दुसरं नाही. माझंसुद्धा नाही, आणि हे म्हणताना माझ्या जिवावर येतं.

नेमका तेव्हाच अर्विडच्या फुप्फुसांनी दगा दिला. नाकात ऑक्सिजनची नळी आली. डॉक्टरांनी सांगितलं, उंचावर जायचं विसरा. बिचाऱ्याची इच्छा एकच होती: स्वतःच्या विमानातून, लॉर्नाशेजारी बसून, बेकर डोंगराच्या शिखराभोवती एक फेरी.

"मी जाते आणि सगळं चित्रण करून आणते," लॉर्ना म्हणाली. परवाना तिच्याकडेही होताच. मी सोबत जायला तयार होतो, पण घरी बांधलेलं नवं विमान सुरुवातीला एकट्यानेच उडवायचं, असा कायदा आहे. म्हणून पंखाला आधार देणाऱ्या उजव्या तिरप्या दांड्यावर तिने कॅमेरा बसवला. गारठा मरणाचा होता.

"डोंगराकडे तोंड कर त्याचं," अर्विड खुर्चीतून ओरडला.

"वर तरी तुझी कटकट नसेल!"

"वर मी नसणारच आहे."

लॉर्नाने हातमोजे न काढताच पेच आवळला आणि ती आत जाऊन बसली.

ती परत येईपर्यंत अर्विडने कॉफीला तोंड लावलं नाही. आणि उतरली कशी म्हणता! चाकांना तरी कळलं की नाही, कोण जाणे. मी इतकी वर्षं उडतोय, मला असं उतरणं जमलेलं नाही.

"सगळं आणलंय बघ," ती धापा टाकत म्हणाली.

शनिवार होता. शनिवारी आम्ही सगळे हँगरमध्ये जमून पॅनकेक खातो. दारावर चादर टांगली आणि मी चित्रण लावलं. धावपट्टी दिसली, देवदार दिसले, आणि विमान वर चढू लागलं तसं चित्र हळूहळू वळायला लागलं. हातमोजे घालून पेच आवळायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वाऱ्याने कॅमेरा फिरला तो थेट खिडकीकडे तोंड करून थांबला. पुढे रिकामी खुर्ची, तिच्यापलीकडे लॉर्ना. डोंगर नावालाही नाही.

लॉर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. "बंद कर ते," ती मला म्हणाली.

"हात लावशील तर याद राख," अर्विड म्हणाला.

कानावरच्या माइकमधून तिचा आवाजही आला होता. चादरीवरची लॉर्ना रिकाम्या खुर्चीशी बोलत होती. "उजवीकडे बघ, अर्विड! हिमनदी तुझ्या बाजूला आहे. खाली काय बघतोस? इंजिन ठीक आहे, माझ्यावर विश्वास ठेव जरा. आणि नकाशा असा घडी करतात होय रे, बावळटा?"

आम्ही हसलो. अर्विड सगळ्यांत जास्त हसला, मग खोकला.

पुढे चादरीवरची लॉर्ना बोलायची थांबली. बर्फाचा उजेड त्या रिकाम्या खुर्चीवरून तिच्या चेहऱ्यावर आला. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. इतकं सुंदर माणूस मी आजवर पाहिलेलं नाही, आणि लॉर्नाला तर मी रोज बघतो. तिने हात लांब करून शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"आलो रे आपण," ती म्हणाली.

हँगरमध्ये कुणी घास चावेना.

"उद्या परत जाते," खरी लॉर्ना रडवेली होऊन म्हणाली. "डोंगर आणते तुला."

"डोंगर स्वयंपाकघरातून दिसतो की." अर्विडने नळीतून श्वास ओढला आणि माझ्याकडे वळला. "जरा मागे घे. ती गप्प होते तिथून."

मी मागे घेतलं. बर्फाचा उजेड पुन्हा खुर्चीवर आला, तिने हात ठेवला, ते तीन शब्द म्हटले.

"आलो," अर्विड म्हणाला.