भोंगाभाऊंचे चार तास

भोंगाभाऊ नोकरीत एकदाच सिग्नलला झोपले, पण झोपले ते मागे बेचाळीस प्रवासी घेऊन. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा असा कल्ला केला की त्यात भाऊंचं घोरणं वेगळं ऐकूच येईना. शेवटी कंडक्टरने खांदा धरून हलवलं. कुणाला साधा ओरखडाही आला नाही, पण डेपोतल्या साहेबांनी त्याच संध्याकाळी त्यांची बस काढून घेतली आणि त्यांना चाव्यांच्या खिडकीत बसवलं.

भोंगा हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत दुपारचे आडवे झाले की पलीकडच्या खोलीत कुणाला फोनवर बोलता येत नसे, तेव्हापासूनचं ते बारसं. सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. आता रोज सकाळी दुसऱ्यांच्या हातात चाव्या देताना त्यांचा जीव वरखाली व्हायचा. गाडी परत हवी होती. दुसरं काही नको होतं.

त्यासाठी डॉक्टरीणबाईंचा दाखला लागणार होता. बाईंनी एक रात्र अंगाला वायरी लावून त्यांना झोपवलं आणि सकाळी कागद पुढे केला.

"झोपेत तुमचा श्वास तासाला अडतीस वेळा अडतो."

"अडतो? मग मी जिवंत कसा?"

"प्रत्येक वेळी मेंदू धक्का देऊन जागं करतो म्हणून. तुम्हाला वाटतं झोपलो, पण झोप होतच नाही. हे मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवेल. रोज किमान चार तास, चार आठवडे. मग दाखला."

मशीन दिसायला भाकरीच्या डब्याएवढं. त्याला लांबलचक नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. पहिल्या रात्री भाऊंनी तो चढवला, पट्टे करकचून आवळले आणि बटण दाबलं. धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढावं तशी हवा नाकात घुसली. तोंड उघडलं तर तीच हवा तोंडातून बाहेर. दहा मिनिटांत त्यांनी ते सगळं ओरबाडून काढलं आणि कूस बदलून नेहमीसारखा भोंगा सुरू केला.

दुसऱ्या रात्री सात मिनिटं. तिसऱ्या रात्री मशीनला दोन शिव्या दिल्या, एवढंच.

चौथ्या दिवशी मात्र त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मशीन तास मोजतं, पण माणूस झोपलाय की जागा, हे ते कुठे विचारतंय? त्या दिवसापासून चारला खिडकी बंद करून घरी आले की भाऊ पाच वाजता मास्क लावून खुर्चीत बसायचे ते थेट नऊला उठायचे. मास्क लावून टीव्ही बघितला, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचलं. बायकोने मटार पुढ्यात ठेवले तर तेही सोलले. फक्त बोलण्याची पंचाईत. तोंड उघडलं की शब्दाआधी वारा बाहेर यायचा.

"अहो, मीठ कमी आहे का आमटीत?" बायकोने चव बघायला चमचा दिला की मास्क बाजूला, चमचा तोंडात, मास्क परत जागेवर. हाताने खूण, की झकास.

नऊ वाजले की मशीन बंद. मग जेवण, आणि मग आपली जुनी झोप. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूष होते, की खिडकीवर बसल्या बसल्या पेंगतानासुद्धा मधूनच हसायचे.

पाचव्या आठवड्यात दवाखान्यातल्या मशीनवाल्या मुलीने आकडे बघितले. "काका, अठ्ठावीस दिवस, रोज चार तास! एवढा शिस्तीचा माणूस मी बघितला नाही." डॉक्टरीणबाईंनीही एकूण बेरीज बघून सही ठोकली. भाऊंनी दाखला घडी घालून खिशात ठेवला आणि घरी जायला बस पकडली. चार स्टॉप लांब घर. बसायला जागा मिळाली. दुपारची वेळ, अंगावर ऊन.

"भाऊ! ओ भाऊ! उठा की!"

डोळे उघडले तर समोर त्यांचाच जुना कंडक्टर आणि मागे रिकामी बस. घर कधीच मागे पडलं होतं. बस शेवटच्या स्टॉपवर उभी होती.

"केव्हाचा हलवतोय तुम्हाला. पोरांनी तुमचं घोरणं फोनवर रेकॉर्ड केलं. आणि हे काय पडलं खिशातून?" त्याने कागद उचलून वाचला. "गाडी चालवण्यास तंदुरुस्त!" तो इतका हसला की सीटवरच बसला.

भाऊही हसायला गेले, पण हसू आलं नाही. त्यांनी ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. सोमवारपासून तिथे तेच बसणार होते. प्रवाशाच्या सीटवर झोप लागली म्हणून स्टॉप हुकला. तिथे लागली असती तर काय काय हुकलं असतं, याचा विचार मनात आला. ते घाबरले, खरोखर घाबरले. बस परत फिरली तशी ते घराच्या स्टॉपवर न उतरता थेट दवाखान्यात गेले.

"पोरी, हा दाखला परत घे. ते तास खोटे आहेत."

मुलीने आता रोजचा तपशील उघडला आणि कपाळावर हात मारला. "पाच ते नऊ? काका, संध्याकाळी? आणि मी नुसती बेरीज बघितली! चूक माझीही आहे." मग तिने विचारलं, "आता मास्क लावला की गुदमरतं का?"

"छे. परवा त्यात मटार सोलले."

ती मुलगी खुदकन हसली. "ज्यांना मास्क सहन होत नाही त्यांना आम्ही हेच सांगतो. थोडे दिवस जागेपणी लावून बसा. लोक दोन दिवसांत कंटाळतात. तुम्ही अठ्ठावीस दिवस बसलात! अवघड काम झालंय काका. आता फक्त झोपायचं राहिलं."

तिने पट्टे सैल केले, लहान मापाचा मास्क दिला, दाब हळूहळू वाढेल असं करून दिलं. नाक कोरडं पडू नये म्हणून मशीनमध्ये पाणी कुठे भरायचं तेही दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी दाखल्यावर दोन आडव्या रेघा मारल्या. "आणखी चार आठवडे," त्या म्हणाल्या, "आणि या वेळी रात्रीचे."

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"रात्री कानाशी घोरत कोण होतं मग? शेजारी?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून ऐकणारे का तुम्ही?"

त्या रात्री त्यांनी मास्क लावला, नळी उशीवरून मागे सोडली आणि छताकडे बघत पडले. पुढचं त्यांना आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा लख्ख उजाडलं होतं आणि बायको शेजारी बसून जांभया देत होती.

"काय गं, झोपली नाहीस?"

"कशी झोपणार? रात्रभर हूं नाही की चूं नाही. तीनदा उठून बघितलं, आहात की गेलात!"

सगळ्या रात्री अशा गेल्या नाहीत. कधी नाकावर वळ उठायचा, कधी नळीत पाणी गुरगुरायचं, एकदा तर झोपेत मास्क काढून तो त्यांनी पायाशी ठेवून दिला होता. पण दुसऱ्या आठवड्यात खिडकीवरची पेंग गेली. तिसऱ्या आठवड्यात सकाळचं डोकं दुखायचं थांबलं. इतकी वर्षं आपलं डोकं रोज दुखत होतं, हे ते थांबल्यावरच त्यांच्या लक्षात आलं.

दुसरा दाखला मिळाला. साहेबांनी चावी दिली. सोमवारी सकाळी भाऊंनी बस डेपोतून काढली आणि घरासमोरच्या स्टॉपवर थांबवली, तर हातात पिशवी घेऊन बायको चढली आणि त्यांच्या बरोबर मागच्या सीटवर बसली.

"तू? तू तर बाजारात चालत जातेस."

"तीन वर्षं चालले," ती हळूच म्हणाली. "हौस म्हणून नाही हो. तुमच्या गाडीत बसायची भीती वाटायची मला."

भाऊ मागे वळून बघतच राहिले. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, तेव्हा कुठे त्यांनी गियर टाकला.

तिसऱ्या स्टॉपला त्यांनी आरशात बघितलं. बायकोने खिडकीला डोकं टेकलं होतं, पिशवी मांडीवर कलंडली होती आणि तिला गाढ झोप लागली होती. बाजाराचा स्टॉप आला तसा कंडक्टर तिला उठवायला पुढे सरकला. भाऊंनी हात करून त्याला थांबवलं.

"झोपू दे तिला," ते म्हणाले. "परतीच्या फेरीत उतरेल."