बाईंचा हात

बाईंनी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने ट्रकच्या दाराची मूठ घट्ट धरली आणि पायरीवर ठेवायला पाय उचलला. पाय पायरीच्या खालीच थांबला. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि मग आपण फक्त पायरीवरची धूळ बघत होतो अशा थाटात मागे सरकल्या.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "घेऊन टाका हाच."

घड्याळजी पलीकडे वाकून टायर बघत होते. टायर कसले बघतायत, सगळं लक्ष बायकोच्या त्या अर्धवट उचललेल्या पायावर होतं.

"उंच आहे," ते म्हणाले. "माझ्या कंबरेला झेपायचा नाही."

"तुमच्या कंबरेला?"

"मग काय शेजाऱ्याच्या?"

कालच हा माणूस शिडीवरून गच्चीवर चढून पाण्याची टाकी घासून आला होता, तेही शीळ वाजवत. पण परक्या माणसासमोर नवऱ्याला उघडं पाडायचं नाही, एवढं त्या पाळत.

परका माणूस म्हणजे दुकानातला विक्रेता. तरुण, नीटनेटका आणि तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ट्रक हवाय की साइड-बाय-साइड, म्हणजे ती दोघांपुरती छोटी उघडी गाडी, याचा त्याला अजून अंदाज येत नव्हता, म्हणून तो दोन्हींची स्तुती आलटूनपालटून करत होता.

"काका, उंचीवर जाऊ नका. ह्याला बंपरखाली कॅमेरा आहे. दगड कुठे, खड्डा कुठे, चाक कुठे पडतंय, सगळं आत पडद्यावर दिसतं. पूर्वी काय व्हायचं, एका माणसाने खाली उतरायचं, समोर उभं राहायचं आणि हात हलवत बसायचं. ती कटकटच संपली!"

"कटकट," बाई म्हणाल्या.

"हो ना मावशी," विक्रेता खुशीत म्हणाला.

ती कटकट बाईंनी लग्न झाल्यापासून केली होती. घड्याळजी आठवडाभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांतले तिळाएवढे स्क्रू फिरवायचे आणि रविवार उजाडला की गेंड्याला बाहेर काढायचे. गेंडा म्हणजे त्यांचा जुना ट्रक. त्याचं दार आपटल्याशिवाय लागत नसे, आणि काच एकदा खाली गेली की वर यायला तिची मनधरणी करावी लागे. डोंगरातली दगडी वाट सुरू झाली की गेंड्याच्या त्या अवाढव्य नाकापुढे चालवणाऱ्याला काही म्हणता काही दिसायचं नाही. मग बाई उतरायच्या. उड्या मारत पुढे जायच्या, वळून उभ्या राहायच्या आणि हात वर करायच्या. दोन बोटं ज्या बाजूला, त्या बाजूला चाकं. तळहात खाली दाबला की हळू. मूठ वळली की थांबा. शाळेत चाळीस पोरांना त्या याच हाताने गप्प करत, तिथे एका नवऱ्याची काय कथा!

या सगळ्याची सुरुवात कशी झाली, ते घड्याळजी येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगत. नवीन लग्न झालेलं. पहिल्यांदाच दोघं गेंड्यातून डोंगरात गेलेले. एका ओढ्यात दोन दगडांच्या मध्ये गाडी अशी अडकली की हलेना. "मग ही काय करते, उतरते, ऐटीत पुढे जाते आणि हात करून मला दाखवते, डावीकडे घ्या. घेतली डावीकडे. लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली की हो!" ऐकणारे बाईंकडे कौतुकाने बघत. बाई हसत आणि विषय बदलत. कारण खरं वेगळंच होतं. कितीतरी वेळ नवरा नुसता इंजिन घुरघुरवत "निघेल, निघेल" म्हणत बसलेला, आणि बाईंच्या डोक्यात तिडीक गेली होती. त्या पिशवी उचलून तरातरा माहेरी निघाल्या होत्या. जाता जाता वळून त्यांनी हात झटकला तो 'बसा इथेच जन्मभर' अशा अर्थाने. तो नेमका डावीकडे गेला, एवढंच. इतकी वर्षं झाली, ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली नव्हती. त्याचा तेवढा विश्वास त्या हातावर बसलेला, तो कशाला मोडा?

आता गेंड्याचा सांगाडा गंजून भुगा झाला होता आणि गॅरेजवाल्याने हात टेकले होते. त्याच सुमारास बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चढ-उतर बंद, डॉक्टरांनी बजावलं. गेंड्याने आणि मी एकदमच राजीनामा दिला, असं बाई गमतीने म्हणत.

"बरं, ट्रक नको तर ही बघा," विक्रेता म्हणाला.

साइड-बाय-साइड बुटकी होती. दारं नाहीत, काचा नाहीत, वर लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि आत शेजारीशेजारी दोन खुर्च्या. नाक इतकं आखूड की बसल्या जागेवरून पुढची जमीन दिसावी.

"ह्या वयात पिंजऱ्यात बसू?" बाई म्हणाल्या.

पण बसताना त्रास झाला नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसावं तशा त्या बसल्या. घड्याळजींनी त्यांचा पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला.

दुकानामागे गाडी चालवून बघायला पटांगण होतं. त्यात चढ, चर, दगडांचे ढीग मुद्दाम केलेले. विक्रेत्याला आत जागा नव्हती म्हणून तो कडेच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला.

गाडी निघाली. बाई समोर बघत होत्या. एकेक दगड लख्ख दिसत होता. शेंबड्या पोरालाही ही गाडी इथून नेता आली असती.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही तो ट्रकच घ्या. तुमचा जीव ट्रकमध्ये आहे. जात जा तुम्ही. मी बसेन घरी वाचत."

"आणि शेजारी कोण बसेल?"

"कॅमेरा आहे ना. त्याला बसवा."

घड्याळजींनी एक चर हळूच ओलांडला.

"खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "ट्रकमध्ये मला चढता येत नाही आणि हिच्यात माझी गरज नाही. मला नुसतं सामानासारखं बसवून नेऊ नका हो. वाईट वाटतं."

दगडांचा पहिला ढीग आला. घड्याळजींनी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि थांबूनच राहिली.

"काका, या सरळ!" कठड्यावरून विक्रेता ओरडला. "डावीकडून मोकळं आहे!"

घड्याळजी हलले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते वाट बघत होते.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय."

"मग?"

"तेव्हाही दिसत होतं." घड्याळजींनी घसा साफ केला. "ओढ्यात, पहिल्या दिवशी. डावीकडे वाट मोकळी होती, दिसत होती मला. आणि तू हात झटकून काय म्हणालीस, तेही कळलं होतं."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, मग आधीच का नाही काढलीत गाडी? किती वेळ बसवून ठेवलंत मला!"

"तेव्हा घरात ही एवढी माणसं. तुझ्याशी चार शब्द बोलायला मिळायचे कुठे?" घड्याळजी समोर बघत म्हणाले. "तू शेजारी बसली होतीस. मला कसली घाई होती?"

"काका, गाडी बंद पडली का?" विक्रेता ओरडत होता. "डावीकडे घ्या, डावीकडे!"

बाईंनी पदराने डोळे टिपले. मग समोर पाहिलं. डावीकडे मोकळी, कोरडी वाट होती. उजवीकडे काळ्या चिखलाचं हे एवढं डबकं.

त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं उजवीकडे वळवली.

"नक्की?" घड्याळजींनी विचारलं.

बाईंनी बोटं तशीच ठेवली.

घड्याळजींनी निमूट स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.