नवी दोरी

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो झाडावर चाळीस फुटांवर होता आणि फांदी अर्धी कापून झाली होती. खाली दोर सांभाळणारा मेहुणा फोन हातात धरून उभा होता. "भावोजी, खाली या," एवढंच म्हणाला. रक्त तपासायच्या रांगेत बसल्या बसल्या ती गेली होती.

त्याने फांदी जाड दोराने खोडाला बांधली आणि ज्या गाठीवर तो लटकला होता ती दाबून खाली आला. ही गाठ म्हणजे चढायच्या मोठ्या दोराभोवती आखूड दोरीचे पाच वेढे. अंगाचं वजन पडलं की ती दोराला चावते, हाताने वरून दाबली की सरकते. एरवी तो सावकाश उतरायचा. त्या दिवशी असा घसरत आला की दोरी तापून वितळली, काचेसारखी गुळगुळीत झाली. हे त्याला चार दिवसांनी दिसलं.

पाच आठवडे तो घरात बसून होता. रडू आलं नाही. वाढलं की जेवायचा, विचारलं की हो-नाही म्हणायचा. मग त्या झाडाच्या मालकीणबाईंचा फोन आला.

"अशा वेळी बोलू नये, पण ती फांदी बरोबर माझ्या पलंगावरच्या छपरावर लोंबतेय हो. महिनाभर सोफ्यावर झोपतेय. कंबर गेली माझी. आणि तुमचा तो दोर वारा सुटला की करकरतो."

"उद्या येतो," तो म्हणाला.

जुनी दोरी कामातून गेली होती. त्याने कपाटातली नवी काढली. झाडाखाली पाच वेढे घातले, टोकं कमरेच्या पट्ट्याच्या कडीत अडकवली. वर जाण्याआधी फूटभर उंचीवर वजन टाकून बघायचं, हा नेम. तो बसला. गाठ सुर्रकन सरकली आणि तो मुळांवर आदळला.

"भावोजी, झाडावर चढायचंय. जमिनीत नाही शिरायचं."

त्याने सहावा वेढा घातला. पुन्हा तेच.

"नवी दोरी थेट लावलीत का?" मेहुण्याने विचारलं.

"मग काय, आधी शाळेत घालू तिला?"

"ताई घालायचीच की. खिडकीला जुना दोर बांधून त्यावर ओढत बसायची, दोन-दोन दिवस. कोरी दोरी चावत नाही म्हणायची. तुम्हाला माहीत नाही?"

"नाही," तो म्हणाला.

पंचवीस वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता, माझ्या हातची गाठ कधी सरकत नाही. मेहुण्याने ते शंभर वेळा ऐकलं होतं. आत्ता तो दोर गुंडाळायला लागला.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेला. मधल्या गजाचा रंग बोटभर रुंद उडाला होता. तेवढाच. त्याने तो दोनदा रंगवला होता आणि दोन्ही वेळा कुरकुर केली होती, "भांडी घासतेस की गज?" ती म्हणाली होती, "दोन्ही."

त्याने गजाला जुन्या दोराचा तुकडा बांधला, त्यावर नव्या दोरीचे पाच वेढे घातले आणि वर-खाली ओढायला बसला. संध्याकाळी मेहुणा डबा घेऊन आला.

"किती ओढायची असते?"

"ते मला कुठे ठाऊक? मी आपला बघायचो नुसता. ताईलाच विचारायला..." मेहुणा थांबला. डबा ओट्यावर ठेवून गेला.

तळहात लाल झाले तरी तो ओढत राहिला. मग गाठीवर वजन टाकून पाहिलं. ती सरकली. सकाळपेक्षा कमी सरकली, असं त्याला वाटलं, पण खात्री नव्हती. त्याने मालकीणबाईंना फोन केला.

"अजून थोडे दिवस सोफ्यावर झोपा."

"थोडे म्हणजे किती?"

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

फांदी अजून तशीच आहे, अर्धी कापलेली.