उंबऱ्याबाहेरची मरियामाता

सकाळी लहानगी सोनिया दोनदा खोकली आणि मोनिकाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. ऑक्टोबरची हवा, शाळेत निम्म्या पोरांना सर्दी. दुसरी कुणी असती तर मधाचं चाटण देऊन कामाला लागली असती. मोनिकाने मात्र मुलीच्या कपाळाला हात लावला, पाठीला कान लावला आणि मग मोबाइल उघडला. मोबाइलवर आजार शोधणाऱ्या माणसाला आजवर कधी दिलासा मिळालाय का? तिलाही मिळाला नाही.

तिच्या घाबरण्याचं खरं कारण चार घरं पलीकडे होतं. पडेगावच्या त्या वसाहतीत थोडीच कॅथलिक कुटुंबं. ऑक्टोबर हा त्यांचा जपमाळेचा महिना. या महिन्यात मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला असते. संध्याकाळी सगळे त्या घरी जमून जपमाळ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी ज्यांची पाळी असेल त्यांनी मेणबत्ती घेऊन मूर्ती आपल्या घरी आणायची. काल मूर्ती तनुजाकडे होती. आज ती मोनिकाकडे यायची होती. आणि तनुजाला टीबी झाला होता!

काल तनुजाच्या घरी कुणीच गेलं नव्हतं. एकीचं डोकं दुखत होतं, एकीकडे अचानक पाहुणे आले, मोनिकाला ऑफिसात उशीर झाला. एकाच संध्याकाळी साऱ्या वसाहतीला एवढ्या अडचणी! आपणही अशा अडचणी काढण्यात काही कमी हुशार नाही, वाचकहो.

संध्याकाळी मोनिका घरी आली तेव्हा सासूबाई, द्वारकाबाई, दारातच बसल्या होत्या. मूळच्या अजिंठ्याकडच्या, गुडघ्यांनी रजा घेतलेली, पण जीभ अजून नोकरीवर होती.

"मूर्ती आणाया जायचंय ना?" त्यांनी विचारलं.

"आई, फादरांना सांगून चर्चमधली दुसरी मूर्ती आणली तर?"

"का बरं? ही मरियामाई आजारी पडली व्हय?"

मोनिका त्यांच्याजवळ टेकली. "तुम्हाला थट्टा सुचते. मी भिते, आई. माझी आई याच रोगानं गेली. भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकत मी लहानाची मोठी झाले. एक दिवस तो थांबला तेव्हा मला वाटलं, आई बरी झाली. आता सोनियाला काही झालं तर?"

द्वारकाबाईंचा चेहरा मऊ झाला. "भी की. भ्यायला कोण नको म्हणतंय? असिसीचा संत फ्रान्सिस बी लई भ्यायचा. महारोगी दिसला की नाक दाबून घोडा पळवायचा. मंग येक दिवस खाली उतरला अन् त्या महारोग्याच्या हाताचा मुका घेतला. भ्या गेलं म्हणून उतरला नव्हता पोरी. उतरला, म्हणून भ्या गेलं."

"ते संत होते, आई. मी कारकून आहे."

"आन् संत काय आभाळातून संत म्हणूनच पडत्यात व्हय? तुझ्या-माझ्यासारखीच माणसं ती. देवावर भार टाकला अन् पाऊल उचललं, येवढंच."

"म्हणजे देवावर भरवसा ठेवून रोगाच्या तोंडात जायचं?"

"नाय! देवाची कृपा म्हंजी डोळं मिटून हिरीत उडी नव्हं. मास्क लाव, खिडक्या उघड्या ठिव. दवाखान्यातल्या बाई सांगून गेल्या न्हवं, महिनाभर नीट गोळ्या घेतल्यात, आता तिच्यापासून धोका नाय? त्या बाईंना बी देवानंच अक्कल दिलीय. कृपा डाक्टरच्या हातानं बी येती अन् शेजारणीच्या पायानं बी येती. शेजारीण घरात दडून बसली, तर कृपेनं यायचं कुठून?" असं म्हणून त्यांनी काठी ओढली. "तुला जमत नसंल तर मी जाते."

सासूबाईंचे गुडघे आणि तनुजाच्या घरापर्यंतचा चढ! मोनिकाने मेणबत्ती उचलली, मास्क लावला आणि ती निघाली. गेली ती शरमेने. धीर आला होता म्हणून नव्हे. वाटेत दोनदा परतावंसं वाटलं. पण पेटत्या मेणबत्तीपुढे हात धरून ती चालत राहिली.

तनुजाचं दार बंद होतं. दाराबाहेर, उंबऱ्यापासून चांगली लांब, एका स्टुलावर मरियामातेची मूर्ती ठेवलेली होती. फिनेलचा वास येत होता. मोनिकाने मेणबत्ती जवळ नेली आणि ती दचकली. मातेच्या निळ्या झग्याचा रंग घासून घासून उडाला होता. खालचं पांढरं प्लास्टर दिसत होतं.

"मोनिकाताई, पुढं येऊ नका," आतून तनुजाचा आवाज आला. "मूर्ती चांगली धुतलीय. साबणानं, फिनेलनं, सकाळधरनं लई येळा. काय भ्यायचं कारण नाय. घिऊन जावा."

मोनिकाने मेणबत्ती स्टुलावर ठेवली. "तनुजा, काल..."

"काल कुणी आलं नाय. चटया हातरल्या व्हत्या, त्या गोळा केल्या. आमी दोघांनीच जप म्हणला." मग आवाज जरा उजळला. "आता पुढच्या येळी या सगळ्या. कालपासनं मी गोळ्या बंद केल्यात."

"काय?"

"आरोग्य केंद्रातून गोळ्या आणताना लोक बघत्यात, ताई. ह्यांच्या रिक्षात बसाया बी वळखीची मानसं मागं सरत्यात. गोळ्या चालू हायेत तवर लोक म्हणणार, रोग हाय. म्हणून मरियामाईवरच सोडलंय."

अगदी हेच शब्द! मोनिकाची आईही असंच म्हणाली होती, 'देवावर सोडलंय.' शेजारणींनी बारशासारख्या साध्या बोलावण्यातूनही तिला वगळलं, तेव्हा तिने गोळ्यांची पाकिटं लपवली आणि मग घेणंच बंद केलं. आईने ते देवावर सोडलंच नव्हतं! लोकांच्या नजरेला भिऊन सोडलं होतं. आणि आज ती नजर कुणाची होती? मोनिकाची स्वतःची!

"अगं, दार उघड!" ती ओरडली. "तनुजा, आधी दार उघड!"

"नको ताई, तुमच्या घरात लेकरू..."

"उघड म्हणते ना!"

दार किलकिलं झालं. तोंडाला पदर धरलेली, वाळून गेलेली तनुजा आत उभी होती. मोनिकाने मूर्ती छातीशी धरली आणि उंबरा ओलांडला. मूर्ती आत ठेवून आधी खिडक्या उघडल्या, मग तनुजाचा हात हातात घेतला. "मरियामाई तुला बरी करील. पण गोळ्या तूच गिळायच्यात. उद्या सकाळी केंद्रात आपण दोघी जाऊ. लोकांना बघायचं असेल तर दोघींना बघू दे."

तनुजा त्या हाताकडे बघत रडू लागली. कितीतरी दिवसांत तिला घराबाहेरच्या कुणी हात लावला नव्हता.

मोनिकाने तिथूनच एकेकीला फोन केला. "आजची जपमाळ तनुजाच्या अंगणात आहे. डोकं दुखत असेल तर गोळी घेऊन या." आल्या. काही लाजत, काही लांबच्या चटईवर, पण आल्या. सगळ्यांत शेवटी काठी टेकत द्वारकाबाई आल्या, सोनियाचं बोट धरून. मोनिकाने मुलीला आपल्या मांडीवर घेतलं आणि जपमाळेचा पहिला मणी धरला.

केंद्रातल्या बाई तनुजाला चांगलंच बोलल्या आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सोनियाचा खोकला तर मधाच्या चाटणानेच गेला. उन्हाळ्यात ती बरी झाल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा कुणीतरी सुचवलं की मूर्तीला आता नवा निळा रंग देऊ.

"ऱ्हाऊ द्या तशीच," द्वारकाबाई म्हणाल्या. "पुढच्या साली कुणाचं डोकं दुखाया लागलं, तर दाखवाया बरी."

बंधुभगिनींनो, रोगाला औषध आहे, पण आपण बंद केलेल्या दाराला कुठल्याच दवाखान्यात औषध नाही. संतांनाही भीती वाटलीच होती, तरी ते देवाच्या भरवशावर पुढे गेले. आपल्याला तर फक्त शेजारच्या घरापर्यंत जायचं आहे.